उपासाला चालणारा पंप

गेल्या वर्षी रोज संध्याकाळी सहा वाजता मी फोनवर आकडे म्हणत असे. माझी मुलगी पुण्याला असते, मी म्हैसूरला, चामराजपुरममध्ये एकटी. सहाला फोन वाजायचा आणि "कशी आहेस" वगैरे काही न विचारता ती म्हणायची, "हं, म्हण." मग मी खोल श्वास घ्यायचा आणि एक, दोन, तीन करत एका दमात जाता येईल तितकं पुढं जायचं. तीसपर्यंत गेले की पास. पंचविसाच्या आत अडकले की उलटतपासणी: कापडाची धूळ उडाली का, उदबत्ती लावलीस का, पंप घेतलास का. मला दमा आहे आणि तो लपवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं ही युक्ती काढली होती. बोलणं खोटं करता येतं, श्वास खोटा करता येत नाही, असं तिचं म्हणणं. मला हसू यायचं. श्वाससुद्धा खोटा करता येतो की!

खोटा करायची गरज का पडली, ते सांगते. त्याच्या आदल्या वर्षी मी चार दिवस दवाखान्यात होते. सर्दीचं निमित्त झालं आणि छाती अशी आवळली की पायरीसुद्धा चढवेना. मुलगी धावत आली, चार दिवस खुर्चीत बसून काढले बिचारीनं, आणि निघायच्या दिवशी माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "आई, हे शेवटचं. परत अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर या घराला कुलूप लावीन आणि तुला पुण्याला घेऊन जाईन. मग शिलाईची मशीन नाही, ब्लाउज नाहीत, काही नाही." मी मान डोलावली. मनात म्हटलं, बाई गं, काय वाटेल ते होवो, आता परत अ‍ॅडमिट व्हायचं नाही.

पुण्याला काय वाईट आहे, असं कुणी विचारेल. वाईट काही नाही. मी एकदाच गेले होते, तिच्या लग्नानंतर. आमच्या घराण्याला म्हैसूरला येऊन किती पिढ्या झाल्या ते आता कुणालाच सांगता येत नाही. शिंपीकाम आणि विठ्ठल घेऊन आलेली माणसं आम्ही. घरात मराठी बोलतो, पण निम्मं कन्नड त्यात कधी मिसळलं ते आमचं आम्हाला कळत नाही. तर पुण्यात जेवायला बसल्यावर वाढणाऱ्या विहीणबाईंना मी हात आडवा करून "साकु, साकु" म्हटलं. आमच्याकडं पुरे म्हणायचं तर साकुच येतं तोंडात. विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "किती गोड बोलता हो तुम्ही!" लहान मुलाचं कौतुक करतात ना, तसं. त्यानंतर चार दिवस मी फक्त हो आणि नाही एवढंच बोलले. मुलीच्या ते लक्षातही आलं नाही, तिची मराठी एव्हाना पुण्याची झाली होती.

इथं निदान खिडकीशी माझी मशीन आहे. बायका येतात, "अम्मा, काखेत दोन बोटं सैल करा" म्हणतात, चार गोष्टी सांगतात, जातात. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. शेजारची जुनी घरं पाडून तिथं मोठ्या इमारती झाल्या, तिथली माणसं गाडीतून येतात, गाडीतून जातात. ज्या दिवशी गिऱ्हाईक येत नाही, त्या दिवशी माझ्या तोंडून निघणारा पहिला शब्द संध्याकाळी सहाला, आणि तो शब्द म्हणजे "एक". तरी हे घर माझं होतं. मला ते सोडायचं नव्हतं, बस्स.

आता पंपांविषयी. छातीच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या, कन्नड बोलणाऱ्या, फार हुशार. त्यांनी मला दोन पंप दिले होते, एक निळा आणि एक तपकिरी. कागदावर नळीचं चित्र काढून समजावलं होतं, की तुमच्या श्वासाच्या नळ्या आतून कायम सुजलेल्या असतात, तुम्हाला त्रास होत असो वा नसो. निळा पंप आवळलेली नळी चार-सहा तास मोकळी करतो, सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो तपकिरी, पण हळूहळू, आणि तोही रोज सकाळ-संध्याकाळ घेतला तरच. मला लगेच समजलं. ब्लाउज घट्ट झाला की वरचा हुक काढून ठेवायचा, तो निळा. शिवण उसवून नीट वाढवून द्यायचा, तो तपकिरी. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "अम्मा, तुम्हाला जितकं कळलं तितकं शिकलेल्यांना कळत नाही."

कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. तपकिरी पंपाची एक अट होती. तो घेतला की लगेच पाण्यानं खळखळून चूळ भरायची आणि थुंकायचं, नाहीतर तोंड येतं. आणि आमच्या घरचा नियम असा, की एकादशीला दिवेलागणीपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. दात घासायचे ते उजाडायच्या आत. वडील तर म्हणायचे, चूळ भरली म्हणजे पाणी तोंडात गेलंच, मग गिळा नाहीतर थुंका. झालं! पहिल्याच एकादशीला मी तपकिरी पंप हातात घेऊन देवघरासमोर उभी राहिले आणि विचार केला, की याला चूळ लागते, म्हणजे हा उपासाला चालत नाही. निळ्याला चूळ लागत नाही, ती नुसती हवा, म्हणजे तो चालतो. साबुदाणा चालतो, गहू चालत नाही, तसंच हे. मला त्यात काडीचंही वावगं वाटलं नाही. उलट आपण अगदी विचारपूर्वक वागतोय असं वाटलं.

महिन्यातून दोन दिवस सुटले तर फार बिघडलं नसतं कदाचित. पण पुढं चातुर्मास आला. चातुर्मासात सकाळची पूजा होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, हाही आमच्याकडचाच नियम. पूजा आटपेपर्यंत पहिलं गिऱ्हाईक दारात, मग पंप राहून जायचा. संध्याकाळचा घ्यायची, कधी विसरायची. आणि खरं सांगू का? विसरायला बरंच वाटायचं. त्या पंपात स्टिरॉइड आहे असं कुणीतरी म्हटल्यापासून मी तो हातात घ्यायलाच भीत होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की मात्रा अगदी थोडी असते आणि ती थेट छातीत जाते, घाबरू नका. तरी श्वास ठीक चालला असताना औषध कशाला, असं मन म्हणायचं. देवाचा नियम आयता मिळाला, मी त्याच्या आडोशाला उभी राहिले.

मग निळा वाढला. आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड, मग रोज. आणि रोजची वेळ ठरलेली, पावणेसहा. निळ्याचे दोन फवारे मारायचे, पंधरा मिनिटं खुर्चीत टेकून बसायचं, छाती मोकळी झाली की फोन. "हं, म्हण." एक ते तीस, घडघडत. एकदा तर जोशात छत्तीसपर्यंत गेले. मुलगी म्हणाली, "वा! तपकिरी पंप चांगलाच लागू पडलाय तुला." मी म्हटलं, "होय की." लहानपणी हीच मुलगी कन्नड शाळेत जायची आणि मी तिला मशीनजवळ बसवून मराठी आकडे घोकून घ्यायची. एकोणतीसला ती हमखास कन्नडसारखं "वीसनऊ" म्हणायची आणि मी छडी दाखवायची. आता ती शिकवते आणि मी कॉपी करून पास होते. फोन ठेवल्यावर घर एकदम गप्प व्हायचं. तीस आकड्यांत आमचं दोघींचं बोलणं संपलेलं असायचं, आणि मला तर किती काय सांगायचं असायचं तिला. पण बोलत राहिले तर धाप ऐकू जाईल ही भीती. म्हणून मीच म्हणायची, "ठेव, काम आहे."

दसरा झाला. गावात पाहुण्यांची, गाड्यांची झुंबड, रस्त्यांवर नुसती धूळ. मी दसऱ्याआधी सगळी मखमलीची आणि जरीची कामं केली होती, छाती भरून आलेली होतीच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकादशी. पहाटेपासून पाणी नाही. दुपारपर्यंत निळा तीनदा घेतला. उपासाला चालणारा ना तो!

तीन वाजता बन्नूरची बाई आली. माझं जुनं गिऱ्हाईक, उसाचं शेत आहे तिचं, बस पकडून येते. दिवाळीनंतर भाचीचं लग्न, त्यासाठीचा कच्चा शिवलेला ब्लाउज घालून पाहायचा होता. मी तिच्या मागं उभी राहून पाठीला टाचण्या लावत होते. टाचण्या ओठांत धरायची मला सवय. एक टाचणी काढली, दुसरी काढली, आणि तिसरीला मला नाकानं श्वास पुरेना. टाचण्या थुंकल्या, खाली बसले, निळा पंप घेतला. दोन फवारे, चार फवारे. काही नाही. हवा आत जाते, बाहेर येत नाही, छातीवर कुणीतरी इस्त्री ठेवून गेल्यागत. बाई वळली. माझ्याकडं पाहून म्हणाली, "अय्यो, अक्का, ओठ निळे झालेत तुमचे!" मी हातानं खूण केली, की काही नाही, बस, आत्ता जाईल. बोलायला गेले तर एकेक शब्द सुटा येत होता.

"दवाखान्यात चला," ती म्हणाली.

"नको... अ‍ॅडमिट... करतील."

"मग करू देत की!"

तिला काय ठाऊक माझ्या घराला कुलूप लागणार होतं ते. मी मानेनंच नाही नाही करत राहिले. त्या बाईनं मग माझं काही ऐकलं नाही. अर्धवट टाचलेल्या ब्लाउजवरून तसाच पदर घेतला, बाहेर जाऊन रिक्षा थांबवली आणि मला दंडाला धरून आत बसवलं. सगळ्या वाटेनं तिच्या पाठीला माझ्या टाचण्या टोचत असणार. तिनं एक अक्षर काढलं नाही.

दवाखान्यात तोंडावर मास्क लावला, त्यातून औषधाची वाफ येऊ लागली. बोटाला चिमटा, दंडात सुई. अर्ध्या तासानं डॉक्टरीणबाई आल्या. निळा किती वेळा, तपकिरी किती वेळा, असं विचारलं. मी तुटक तुटक सगळं सांगून टाकलं. एकादशी, चातुर्मास, चूळ. निळा चालतो, तपकिरी चालत नाही. त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत, चिडल्या.

"अम्मा, दात घासता ना उजाडायच्या आत? मग त्याच वेळी पंप घ्यायचा, त्याच पाण्यानं चूळ भरायची. एकादशीही मोडली नसती आणि ही वेळही आली नसती. एवढं साधं सुचलं नाही?"

नाही सुचलं. इतक्या वर्षांत शेकडो ब्लाउजचे गळे बेतले, कुठं काय वळवायचं ते मला चटकन सुचतं, आणि हे सुचलं नाही. सुचवून घ्यायचंच नव्हतं, दुसरं काय? मी मास्कच्या आत रडले. त्या जरा नरमल्या आणि म्हणाल्या, "निळ्यानं तुम्ही रोज बरं वाटवून घेत होतात आणि आतली सूज वाढतच होती. आज या बाईंनी आणलं नसतं तर मी काय सांगू तुम्हाला? तीन दिवस इथंच राहायचं. घरून कोण येईल?"

बन्नूरची बाई शेवटच्या बसच्या आधी निघायला उठली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "मुलगी आहे."

आणि तेवढ्यात सहा वाजले. पिशवीतला फोन वाजला. बाईनंच काढून माझ्या कानाला लावला आणि ती गेली.

"हं, म्हण," मुलगी म्हणाली.

खोटं बोलायला अजूनही वाव होता. काम आहे म्हणून फोन ठेवता आला असता. पण मी फार दमले होते. लपवून लपवून दमले होते. मी मास्क बाजूला केला आणि म्हटलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सातला खोकला आला.

पलीकडून लगेच, "आई? कुठं आहेस तू?"

मी सांगितलं. पावणेसहाचे फवारेही सांगितले, सगळंच सांगितलं. तिला रडू फुटलं, ती रागावली, परत रडली. मग मी ते वाक्य बोलले, जे बोलावं लागू नये म्हणून मी वर्षभर जीव टांगणीला लावला होता. म्हटलं, "तू म्हणाली होतीस ना, परत अ‍ॅडमिट झाले तर कुलूप. झाले बघ. लाव कुलूप. मी येते पुण्याला."

आणि नवल म्हणजे, बोलल्यावर मला बरं वाटलं. रिक्षात मरायला टेकलेलं माणूस हसण्याला भीत नाही. हसेनात का विहीणबाई. सकाळी उठल्यावर कुणीतरी घरात असेल. मुलगी कामावरून येईल, तिच्याशी आकडे सोडून दुसरं काहीतरी बोलता येईल. एवढ्यात मी तिच्या घरात माझी मशीन कुठं ठेवायची तेसुद्धा ठरवायला लागले होते.

"आई," ती म्हणाली आणि थांबली.

"बोल की."

"आई, इथं कुठं गं? सासूबाई हॉलमध्ये झोपतात. पोरीचं दहावीचं वर्ष, तिला खोली लागते. मी तेव्हा तुला नुसतं घाबरवलं होतं. तू औषध नीट घ्यावंस म्हणून." मग घाईघाईनं, "आणि तुला कुठं यायचं होतं? तू तर नकोच म्हणत होतीस ना?"

मी म्हटलं, "होय. मला कुठं यायचंय. गंमत केली."

ती दुसऱ्या दिवशी आली. रजा काढून आठ दिवस राहिली, घरातले गालिचे, जुन्या गाद्या काढून टाकल्या, कापडाची चिंधी-धूळ बसते ते कपाट धुतलं, मशीनवर बसताना नाकाला बांधायला मास्क आणले. चांगली आहे माझी पोर. तिच्यावर माझा राग नाही. राग आला तो माझाच मला आला. वर्षभर मी या घराच्या दारात पाय रोवून उभी होते, की कुणी मला ओढून नेईल, आणि ओढणारं कुणी नव्हतंच. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान घरात माणसं होती.

आता मी उजाडायच्या आत दात घासते, तपकिरी पंप घेते, दहा आकडे होईतो श्वास धरते, चूळ भरते. एकादशीलाही. विठ्ठल काही बोललेला नाही. निळा पंप महिन्यात एखाद्या वेळेस लागतो. फोन अजून सहालाच येतो, पण आकडे ती विचारत नाही. "जेवलीस का," असं विचारते. सहा वाजता कोण जेवतं? मी हो म्हणते.

परवा तपासणीला गेले होते. डॉक्टरीणबाईंनी श्वास मोजायच्या यंत्राच्या नळीत जोरात फुंकायला लावलं, कागद पाहिला आणि तोंडभर हसल्या. म्हणाल्या, "अम्मा, फारच छान! कुणाकडं जायची काही गरज नाही आता. तुम्ही हवी तितकी वर्षं त्या घरात एकट्या राहू शकता."

त्यांना वाटलं, त्यांनी मला आनंदाची बातमी दिली. मी थँक्स म्हटलं आणि रिक्षा शोधायला खाली गेले.